प्रकाश, रायफलींचे नंबर आणि पुण्याच्या मॅडम

प्रकाशला माझा मोबाईल नंबर शेवटपर्यंत पाठ झाला नाही.

जुन्या लष्करी रायफलीवरचा नंबर मात्र एकदा वाचला की कायमचा डोक्यात.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. मुलगी म्हणाली, आई, आज तरी चांगलं लिही. मी खरं लिहिते.

मला हेवा वाटायचा. आधी रायफलींचा. मग पुण्याच्या शुभदा मॅडमचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रकाश विमा कंपनीत होता. आमच्या घरात साधी छऱ्याची बंदूकसुद्धा कधी आली नाही. कॉलेजात एनसीसीच्या परेडला हातात दिलेल्या रायफलीवर त्याला कोरलेला मुकुट दिसला, तिथून हे वेड लागलं.

मुकुट असेल तर इंग्रजांच्या काळातली. सिंह असतील तर स्वातंत्र्यानंतरची. बाजूला साल, कारखान्याची खूण, नंबर.

कुठल्याही गावाला गेलो की आधी म्युझियम. हा काचेला नाक लावून उभा आणि मी पर्स सांभाळत बाहेर बाकावर.

शुभदा मॅडम इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका. फेसबुकवर अशाच वेड्यांचा एक ग्रुप आहे, तिथे ओळख झाली. मग रोज फोन. गॅलरीत उभा राहून हसत हसत बोलायचा.

तसलं काही नव्हतं. असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

माझ्याशी काय बोलायचा? टँकर आला का. लिफ्ट सुरू झाली का. दूध उतू जातंय बघ.

मग आमच्या जवळच्या जूचंद्र गावातल्या दामूदादांचं प्रकरण झालं.

आम्ही तांदूळ त्यांच्याकडूनच घ्यायचो. त्यांचे वडील वारले, तेव्हा त्यांनी वडिलांच्या नावची शेतराखणीची बंदूक नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केली. मूळची लष्करी रायफल, पुढे नळी बदलून डुकरं हाकलायला परवान्यावर दिलेली.

परवान्यावर एक नंबर. बंदुकीवर वेगळाच.

साहेबांनी विचारलं, परवान्यावरची बंदूक कुणाला विकली, आणि ही कुणाची आणून दिलीत?

गावभर झालं. दामूदादांचं जेवण तुटलं. त्यांची बायको माझ्या किचनमध्ये बसून रडली, यांना आत टाकतील म्हणून.

प्रकाशला मीच म्हटलं, चल, बघ तरी. हे मुद्दाम सांगते. मीच घेऊन गेले त्याला.

साहेबांनी बंदूक टेबलावर ठेवली. प्रकाश वाकून बराच वेळ बघत राहिला. मुकुट होता, साल होतं, नंबर होता. पण परवान्यावरचा नंबर कुठेच नाही. त्याचा चेहरा उतरला.

मी त्याच्या अगदी शेजारी उभी होते. त्याने फोन काढला आणि पुण्याला लावला.

मॅडम स्पीकरवर म्हणाल्या, "गोळी आत सरकवायचा बोल्ट असतो ना, त्याच्या दांड्याच्या मुळाशी बघा. गंज असेल तर आधी तेल लावून पुसा."

पुसल्यावर आकडे वर आले. परवान्यावरचेच.

मग त्यांनी साहेबांना समजावून सांगितलं. बंदुकीवर आणि बोल्टवर एकच नंबर असायला हवा. कधीतरी दुरुस्तीत दुसऱ्या रायफलीचा बोल्ट हिला बसवला गेला, आणि परवाना करताना कुणीतरी बोल्टवरचाच नंबर उतरवून घेतला. बंदूक पहिल्यापासून हीच. विकलेलं काही नाही.

साहेबांनी भिंग मागवून स्वतः वाचलं आणि तसा पंचनामा केला. पुढे दामूदादांवरचा ठपका गेला.

त्या दिवशी ठाण्याबाहेर ते माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "वयनी, तुमच्या मानसानं आमची इज्जत राखली."

मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू.

पण रिक्षात बसल्या बसल्या त्याने परत तिलाच फोन लावला. आमचं नायगाव येईपर्यंत बोलत होता. त्याच्या तोंडावरचा तो आनंद मी आमच्या लग्नात पाहिला नव्हता, मुलगी झाली तेव्हाही नाही. मी बाहेर खाडी बघत बसले.

घरी आल्यावर मला म्हणाला, "भूक लागली गं."

नंतर त्याच्या छातीत दुखायला लागलं. बायपास ठरली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मला म्हणाला, "आजकाल किरकोळ असतं हे. तू घरी जाऊन नीट झोप." मी आले. झोपलेही.

तो घरी आला नाही.

काही दिवसांनी शुभदा मॅडम पुण्याहून भेटायला आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच समोर बघत होते. बारीकशा, पांढऱ्या केसांच्या, गुडघ्यांनी बेजार.

मी चहा दिला. आणि विचारलं, त्या संध्याकाळी तुमच्याशी बोलला होता का?

त्यांनी कप खाली ठेवला. त्या खोटं बोलल्या असत्या तरी मला चाललं असतं. पण खोटं नाही बोलल्या.

"हो. फार घाबरले होते. रडले. म्हणाले, हिला सांगू नका, ती झोपणार नाही."

मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. त्यांनी माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही. तेवढंच जमलं.

सगळे म्हणतात, बघ, किती काळजी होती त्याला तुझी. कळतं मला.

पण मला नव्हतं रे झोपायचं.

रायफलींचं सगळं तिला सांगायचास, सांग. रडायला माझ्याकडे यायचंस. ते माझं होतं.

हेवा अजून गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही.

प्रकाश, वर्ष झालं. आता तरी घाबरू नकोस.

तुला शेवटचा नमस्कार.