आत्याच्या वजनाने तुटलेली साखळी

आमची मोटारसायकल आत्याच्या वजनाने मोडली, हे आमच्या घरात दोन महिने सर्वमान्य सत्य होतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. डहाणूला आमची चिकूची वाडी. मी पंचविशीचा, बिनलग्नाचा आणि विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा स्वयंघोषित इंजिनियर. मुंबईहून मी एक जुनी मोटारसायकल आणली होती. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती मुळीच पसंत नव्हती. “रस्त्यात एकदा जरी बिघडली, तर दुसऱ्या दिवशी विकायची,” असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

ताराआत्या ही दादांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. घरातली सगळी लग्नं तीच जमवायची. माझ्यासाठी तिने झरीचं एक स्थळ काढलं आणि मुलगी बघायला मोटारसायकलवरूनच जायचं ठरवलं.

“बसने कशाला? मुलगा स्वतःच्या गाडीवरून येतोय, हे त्यांना दिसू दे,” ती म्हणाली. “फक्त माझ्या लुगड्याला काळं लागता कामा नये.”

काळं लागणार साखळीचं. मी आदल्या दिवशी साखळी उतरवली, रॉकेलमध्ये बुडवली आणि दात घासायच्या ब्रशने (दादांच्या) चांदीसारखी लख्ख केली. तेलाचा टिपूस ठेवला नाही. मग ती पुन्हा चढवली, तर मधोमध चांगली लोंबायला लागली. आता इंजिनाचा पट्टा सैल पडला की पंप पाणी ओढत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मी मागचं चाक मागे ओढलं, पान्याने नट आवळले, पाय लावून पुन्हा आवळले. साखळी अशी ताठ झाली की बोटाने छेडली तर वाजायची. वर पट्ट्याला लावतो तशी चिमूटभर राळही चोळली, घसरायला नको म्हणून. एवढं करून मी समाधानाने आंघोळीला गेलो.

सकाळी आत्या मागे बसली, मांडीवर चिकूंची करंडी. ती बसताच खालून कुर्रर्र असा आवाज आला.

“काय रे ते?”

“काही नाही. गाडीने तुला ओळखलं,” मी म्हणालो.

तलासरीपर्यंत साखळी एका सुरात गात होती. आत्याला ते कौतुकाचं वाटलं. तलासरीला आम्ही हमरस्त्याला लागलो. तिथे चहाच्या टपरीसमोर एक बस थांबली होती आणि उतारू पाय मोकळे करत होते. त्यांच्यादेखत जरा ऐट करावी म्हणून मी गाडीला जोर दिला. फाटकन आवाज झाला. इंजिन बोंबलायला लागलं, गाडी मात्र मंदावत थांबली. मागे वळून पाहतो तर साखळी रस्त्यावर पडलेली, करंडी उलटलेली, आणि चिकू बसखाली घरंगळत निघालेले. आत्या दोन्ही हात तसेच अधांतरी धरून बसली होती. दादांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि त्याच्यामागे गाडी विकत घेणारं गिऱ्हाईक.

एका उतारूने आमचाच चिकू पुसून खात खात निकाल दिला. “बाईंच्या वजनाने तुटली.”

सगळी बस हसली. आत्या हसली नाही. तिने हळूच मला विचारलं, “खरं का रे?”

मी म्हणालो, “असेल.”

या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

झरीला जाणं राहिलं. आम्ही एका गवताच्या ट्रकमधून गाडीसकट घरी परतलो. दादांनी कारण ऐकलं आणि विकायची गोष्ट काढली नाही. बहिणीमुळे तुटली म्हटल्यावर गाडी विकणार कशी? गाडी वाचली. पण आत्याने दुसऱ्या दिवसापासून भात सोडला. कोलंबीचं कालवण असलं तरी ती भाकरीचा चतकोर घेऊन बसे आणि आमच्या ताटांकडे बघे. तिच्या नजरेखाली मला घास गिळवत नसे. (गिळत होतो. पण त्रास व्हायचा.) झरीचं नाव काढलं की म्हणायची, “मी नाही यायची. गाडी मोडणारी बाई आली म्हणतील.” आणि आत्याशिवाय आमच्याकडे लग्न जमत नसे.

दोन महिन्यांनी मुंबईहून नवी साखळी आली. मोटारसायकल बैलगाडीत घालून मी डहाणू रोडला मगनभाई मेकॅनिककडे निघालो. आत्याला चष्मा दुरुस्त करायचा होता, म्हणून तीही बरोबर आली. मी तिला रसवंतीत बसवायचा खूप प्रयत्न केला. ती दुकानातच स्टुलावर बसली.

मगनभाईंनी तुटलेली साखळी हातात घेतली, हुंगली आणि माझ्याकडे पाहतच राहिले.

“ह्याला राळ कोणी लावली?”

मी छताकडे पाहिलं.

“अरे भाई, ही चेन हाय, पट्टा नाय! हिला तेल पाहिजे.” त्यांनी नवी साखळी चढवली, सांध्याला लॉक बसवलं. “लॉकचा बंद भाग चेन पळते त्या बाजूला. उलटा लावला तर उडून जाते.” मग साखळी खालून वर उचलून पाहिली. “आता वजनदार माणूस पाहिजे. बाई, तुम्ही बसा.”

“मी नाही,” आत्या म्हणाली. “मी बसले की तुटते.”

“तुमच्याने नाय तुटत. माणूस बसला की गाडी दबते, चेन ताणते. म्हणून आधीच दोन बोटं ढील ठेवायची. हिच्यात कोणीतरी ढीलच नाय ठेवली.”

आत्या उठली. गाडीवर बसली. वाकून स्वतःची दोन बोटं साखळीखाली घातली आणि वरखाली करून पाहिली. साखळी हलली, तुटली नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता भर बाजारात कानाखाली बसणार.

“दोन महिने,” ती एवढंच म्हणाली. “कोलंबीचे दिवस होते रे.”

घरी जाताना ती मागे बसली. आता ती दादांना सांगणार आणि गाडी जाणार, हे मी धरूनच चाललो होतो. दादा अंगणातच उभे होते.

“काय म्हणाला मगन? कशाने तुटली होती?”

आत्या सावकाश उतरली. “माझ्याच वजनाने,” ती म्हणाली. “पण नवी साखळी मजबूत आहे. भात टाकायला सांग.”

पुढच्या आठवड्यात आम्ही झरीला गेलो. निघण्याआधी आत्याने साखळीखाली दोन बोटं घालून पाहिली, मगच बसली. मुलीच्या वडिलांनी माझी चौकशी केली. आत्याने माझं शिक्षण सांगितलं, वाडी सांगितली, स्वभावही सांगितला.

“मुलगा हिऱ्यासारखा आहे,” ती शेवटी म्हणाली. “फक्त त्याच्या हातात पाना देऊ नका.”

आतल्या खोलीतून कुणाचंतरी हसू ऐकू आलं. त्याच मुलीशी माझं लग्न झालं. घरातला पाना आजतागायत तिच्या कपाटात असतो, आणि नळ गळायला लागला की ती मला बाहेर फिरून यायला सांगते.