वहिनीचा अर्धा चेहरा

माझी वहिनी एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. अख्खा दिवस वाफेत उभी, तरी घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न, "तू जेवलीस का गं?" ती शांत, मी फटकळ. पण आमचं गूळपीठ असं, की शेजारणी म्हणायच्या, या नणंद-भावजयीत काडी घालायलाही जागा नाही.

आईबाबा या देशात येऊन राहिले, दादा आणि मी इथेच जन्मलो. वहिनी लग्न होऊन मायदेशातून आलेली, आणि तिचा इथे राहण्याचा अर्ज वर्षानुवर्षं लटकलेला. म्हणून दर बुधवारी इमिग्रेशनवाल्यांच्या अ‍ॅपला चेहरा दाखवायचा. हिरवी खूण आली की आठवडाभर निवांत. हजेरी चुकली तर फरार समजतात आणि उचलून नेतात. "शाळेला दांड्या मारायचे, त्याची फेड चाललीय," असं म्हणून ती हसायची.

त्या सोमवारी ती उठली ती चेहऱ्याची उजवी बाजू लोंबकळलेली घेऊनच. डोळा मिटेना, चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय, बरी होईल, पण दोन-तीन महिने लागतील. बुधवारपर्यंत कुठली बरी व्हायला!

बुधवारी फोन नाही म्हणाला. पुन्हा नाही. मग संदेश आला: आजच ऑफिसात हजर व्हा.

दादा ट्रक घेऊन लांब गेलेला, त्यांची पोरगी शाळेत. चपला घालता घालता वहिनी म्हणाली, "तू चल बरोबर. मला ठेवून घेतलंच, तर पोरीला आणायला तू जा. फाटकाशी एकटी उभी राहायला नको ती."

"अभद्र बोलू नकोस," मी दटावलं.

ऑफिसच्या खिडकीतल्या साहेबाने कॅमेरा तिच्याकडे वळवला. चेहरा जुळेना. वहिनीने पडलेला गाल बोटाने वर धरला.

"हात खाली," तो म्हणाला. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली, ती त्याने उघडलीसुद्धा नाही.

माझं डोकंच फिरलं. "अहो, इतकी वर्षं एका घरात राहतेय मी हिच्याबरोबर! तोंड वाकडं झालं म्हणून माणूस बदलतं होय? उद्या तुमचा गाल सुजला तर बायको दार उघडणार नाही का?"

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसला नाही. "आणि तुम्ही कोण?" म्हणत त्याने हातातला फोन सरळ माझ्या तोंडासमोर धरला.

"माझा फोटो कशाला? मला नाही काढून घ्यायचा."

"नाही म्हणायची सोय नाही, बाई."

फोनने माझा चेहरा ताडून पाहिला, आणि त्यावर कुठल्यातरी भलत्याच बाईचं नाव आणि फोटो आला. कपाळ काय ते थोडं माझ्यासारखं. तिला देशाबाहेर काढायचा हुकूम निघालेला होता.

"ही मी नाहीच! हे ओळखपत्र बघा. जन्मदाखला घरी आहे, आणून दाखवते."

"कागद खोटे करता येतात. चेहरा नाही."

दोन पोलीस आले, एकाने माझा दंड धरला. जन्मात कधी आवाज न चढवलेली वहिनी तेव्हा त्या अर्ध्या तोंडाने किंचाळली, "एकीला तरी सोडा! मला ठेवा, पण हिला जाऊ द्या. शाळा सुटायची वेळ झालीय, पोरगी वाट बघेल."

साहेबाने आम्हा दोघींकडे पाहिलं. त्याला जराही राग आलेला नव्हता, आणि मला भीती वाटली ती त्याच गोष्टीची. माझ्याकडे बोट करून तो वहिनीला म्हणाला, "या कोण ते फोनने सांगितलंय, म्हणून यांना सोडता येत नाही. तुम्ही कोण ते फोनला कळत नाही, म्हणून तुम्हालाही नाही."

"मग पोरीला आणायचं कुणी?" मी ओरडले.

"आमची माणसं जातील," तो म्हणाला. "तिचा फोटो आहे ना तुमच्याकडे? द्या इकडे."

वहिनीने पोरीचा फोटो असलेली पर्स छातीशी घट्ट आवळून धरली.