पोवळ्यांचा घास

मधुदादा गेल्याची बातमी पालघरला आमच्या दारी आणली ती त्याच्या शेजारच्या जमनाबाईच्या थोरल्या मुलानं. रविवारची दुपार होती. तो नखशिखांत भिजलेला. "ताई, चला. भाऊला दर्यानं नेला," एवढंच बोलला आणि उंबऱ्यावरच बसला.

तेव्हापासून मी एकच वाक्य ऐकते आहे… छंदापायी गेला बिचारा. भेटायला येणारे म्हणतात, शोकसभेतले म्हणाले. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दादा छंदापायी गेला नाही.

माझा हा थोरला भाऊ तारापूरच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. एकदा ओहोटीला खडकांच्या डबक्यात त्याला जिवंत पोवळं दिसलं, आणि त्यानं घरात समुद्र मांडला. लोखंडी चौकटीत काचा बसवल्या. लॉरीची जुनी ट्यूब सायकलच्या पंपानं फुगवून ठेवायची आणि बारीक नळीतून ती हवा दिवसभर पाण्यात सोडायची, ही त्याचीच युक्ती. वहिनी म्हणायची, "घरात माणसांना बसायला जागा नाही, आणि ह्यांचे दगड बघा कसे ऐसपैस!" पण दगड ते नव्हतेच. संध्याकाळी दादा भिजवलेला जवळा खलात अगदी मऊ वाटायचा, औषधाच्या ड्रॉपरमध्ये भरायचा आणि पोवळ्याच्या एकेका तोंडाशी एकेक थेंब सोडायचा. केसांसारखे बारीक हात थरथरायचे, वळायचे, घास आत ओढून घ्यायचे. मी एकदा घाईनं ड्रॉपर दाबला तर माझं मनगटच धरलं त्यानं. "हळू गं शकू. त्याला घास कळू तरी दे." आमच्या आईला शेवटच्या आजारात पेज भरवतानाही तो असाच, श्वास रोखून बसायचा.

ही पोवळी बघायला गाव यायचं. मग दवाखाना ज्यांच्या हाताखाली होता ते बडे साहेबही आले. त्यांचं नाव लिहायची माझी तयारी आहे, छापायची संपादकांची नाही. साहेबांना टाकी फार आवडली; पोवळ्यांना ते 'फुलं' म्हणायचे. मुंबईचे पाहुणे आले की ते जीप भरून दादाकडे घेऊन यायचे आणि काचेवर बोट टकटकवत 'आमचा कंपाउंडर' म्हणून दादाला दाखवायचे. दादा हसायचा. मला ते हसणं कधी आवडलं नाही.

आषाढात खाडीचं गढूळ, गोडं पाणी समुद्रात उतरलं. किनाऱ्याचं पाणी टाकीत घालण्यासारखं राहिलं नाही, पोवळी मिटली, घास घेईनात. दादा पाणी जिभेवर घेऊन चाखायचा आणि मान हलवायचा. दर्या निवळेपर्यंत थांबायचं, असं त्यानं वहिनीला सांगितलंही होतं. तेवढ्यात शनिवारी सकाळी साहेबांचा निरोप आला. उद्या खास पाहुणे येणार, फुलं उघडी पाहिजेत.

फुलं उघडी पाहिजेत! जणू दुकानाची फळीच.

रविवारी सकाळी दादा बरण्या घेऊन लांबच्या खडकांवर गेला, तिथं पाणी जरा खारं मिळेल म्हणून. होड्या सगळ्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. जमनाबाई वाळूतून ओरडली, "भाऊ, फिरा मागं! पानी चढतंय, दिसत नाय काय तुमाला?" त्यानं हात हलवला… म्हणजे, ही एक बरणी भरली की आलोच. मागून लाट आली. संध्याकाळच्या ओहोटीला तो सापडला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप दादाच्या दारात थांबली. ड्रायव्हर एकटाच, बिचारा टोपी हातात घेऊन उभा. "साहब ने टंकी मँगवाई है, बहनजी. बोले, यहाँ कौन सँभालेगा?"

मी विचारलं, "आणि त्या रविवारचे पाहुणे? ते का नाही आले?"

तो सहज बोलून गेला, "वो तो शनिचर दोपहर को ही कैंसल हो गया था. रास्ता खराब था ना."

शनिवारी दुपारी! 'येत नाही' एवढा शब्द पाठवायला जीप नव्हती. टाकी न्यायला होती.

मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. वहिनी मात्र शांत उठली, दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "साहेबांना सांगा, सांभाळायला मी आहे." जीप रिकामी गेली.

माझा राग निवेना. मी म्हटलं, "वहिनी, फोडून टाकू ही टाकी. नाहीतर सोडून देऊ ती पोवळी समुद्रात."

"समुद्राला अजून काय काय द्यायचं, शकू?"

नारळी पौर्णिमेला होड्या निघाल्या. आता जमनाबाईची मुलं खोल दर्यातलं स्वच्छ पाणी आणून देतात, न मागता. थोडेच दिवस थांबायचं होतं, फक्त थोडेच दिवस… अर्धी पोवळी मेली. उरलेल्यांना वहिनी रोज संध्याकाळी भरवते. तिचा थेंब अजून भलतीकडेच पडतो. परवा मी तिच्या शेजारी बसले होते. एका पोवळ्यानं पहिल्यांदाच तिच्या हातचा घास घेतला. वहिनी ड्रॉपर तसाच धरून काचेकडे बघत राहिली आणि दातओठ खात म्हणाली, "खा मेल्यांनो. खा. तुम्हाला जगावंच लागेल."