पाळीआधीचं दुखणं

गेल्या हिवाळ्यात माझी छाती फार दुखायला लागली. ऑफिसला जाताना दतिया गेटजवळ ऑटो खड्ड्यात आदळला की जीव कळवळायचा. अंगावर शालीचा भारही सोसवायचा नाही. पाळी आली की दुखणं ओसरायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

शेवटी घाबरतच सिव्हिल लाइन्समधल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नीट तपासलं, सोनोग्राफी करवली. "गाँठ-वाँठ कुछ नहीं है. महीना आने से पहले बहुत औरतों को होता है," त्या म्हणाल्या. गाठ हाताला लागली, किंवा पाळी होऊन गेल्यावरही एकाच जागी दुखत राहिलं, तर मात्र लगेच यायला सांगितलं.

तिथून मी तडक ओरछा गेटला आईकडे गेले. ती मटार सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं आणि तिचे हात थांबले.

"पाळी आली की थांबतं?"

"हो गं."

"मलाही तसंच व्हायचं. कितीतरी वर्षं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? ताईला छातीतच गाठ झाली होती. मला वाटलं, माझंही तेच."

ताई म्हणजे माझी मावशी. मी लहान असतानाच ती कॅन्सरने गेली.

"अगं, पण दर महिन्याला थांबायचं ना?"

"थांबलं की वाटायचं, देवीने ऐकलं. पाळीचं डोक्यातच आलं नाही. ते दिवस आले की गुपचूप बाजूला बसायचं, एवढंच ठाऊक."

मला हसूच येत होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "म्हणून तर तुझं लग्न घाईने उरकलं. मी गेल्यावर तुझं कोण बघणार होतं?"

लग्न ठरलं तेव्हा मी बी.एस्सी.ला होते. एम.एस्सी. करायचं होतं, बाबांचीही हरकत नव्हती. आईच एकटी अडून बसली होती. स्थळ हातचं जाईल, एवढंच सांगत राहिली. मी रडले, जेवण सोडलं. ती हलली नाही.

"बाबांना माहीत होतं?" मी कसंबसं विचारलं.

"कुणालाच नाही."

त्या दिवशी मी चहासुद्धा न घेता निघाले. पण रात्रभर एकच घोळत राहिलं. सख्खी बहीण अशी गेलेली, आणि हिला आजवर कुणी तपासलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या. काही निघालं नाही.

"तो मुझे कभी कुछ था ही नहीं?" आईने विचारलं.

"आज तो कुछ नहीं है, अम्माजी. तब भी महीने वाला ही दर्द रहा होगा."

ती स्टुलावर तशीच बसून राहिली. पुढच्या बाईला आत बोलावलं तेव्हा मीच तिला दंडाला धरून उठवलं.

ऑटोत ती एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "ते एम.एस्सी. आता करता येतं का गं?"

माझी मुलगी यंदा बारावीला आहे.