लेकीच्या दारातली बॅटरीची गाडी

माझा चुलतभाऊ बाळाप्पा गडमुडशिंगीत जनावरांची पेंड विकायचा. सरळ माणूस, पण संकोची इतका, की उधारी मागताना गिऱ्हाइकाऐवजी ह्याचेच कान लाल व्हायचे. असा माणूस आयुष्यात एकदाच मिरवला, तोही बॅटरीवर चालणाऱ्या टेंपोवरून.

२००२ सालची गोष्ट. कुठल्याशा कंपनीनं माल वाहायचा तीनचाकी बॅटरी-टेंपो काढला होता. कोल्हापुरात तो मिळतच नव्हता. पुण्याला जाऊन नोंदवायचा आणि मग वाट बघत बसायचं. बाळाप्पानं अख्खा पावसाळा वाट बघितली, दिवाळीही बघितली. किंमत डिझेलच्या टेंपोपेक्षा पन्नास हजारांनी जास्त. मी विचारलं, "अरे, बिघडला तर इथं दुरुस्त कोण करणार?"

"अक्का, त्यात बिघडायला हायच काय? इंजिन न्हाय, ऑइल न्हाय. रातीला वायर लावायची, सकाळी सुटायचं!"

टेंपो आला, आणि बाळाप्पा बोलायला लागला. चौकात बोलला, बाजारात बोलला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण कोडोलीच्या व्याह्यांना, म्हणजे लेक शिवगंगाच्या सासऱ्यांना, एका लग्नात गाठून, चार माणसांत म्हणाला, "पावणं, तुमी डिझेल जाळतासा म्हंजे नोटा जाळतासा." व्याही शिवशरण स्वतः डिझेलचा टेंपो चालवणारे. तेव्हा नुसते हसले.

आता त्याची दुसरी बाजू सांगते. आपल्याकडं जुनी रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. शिवगंगाच्या लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती आणि मूल नव्हतं. बाळाप्पा जायचा, दारातल्या कट्ट्यावर पाच मिनिटं टेकायचा, आणि पाण्याचा तांब्या दिसला रे दिसला की "घाई हाय" म्हणून उठायचा. मला हा शुद्ध खुळेपणा वाटायचा आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलंही होतं. त्याचं उत्तर ठरलेलं. "लेकीचं खाऊन तिला उणं कशाला आणू?"

पुढच्या उन्हाळ्यात कोडोलीच्या एका दूधवाल्यानं पेंडीची पोती मागवली. मलाही शिवगंगाला भेटायचं होतं, म्हणून पुढं त्याच्या शेजारी बसले. कंपनीच्या कागदावर गाडी एका चार्जिंगमध्ये सत्तर किलोमीटर जात होती. कागद लिहिणाऱ्यानं ती रिकामी चालवली असावी. पाठीवर पोती आणि पुढं आम्ही दोन भरभक्कम माणसं! वाठारचा फाटा सोडला तेव्हाच काटा खाली आला होता. पोती उतरवून आम्ही शिवगंगाच्या गल्लीत शिरलो. तिच्या दारापर्यंत टेंपो कसाबसा सरकला आणि तिथंच मेला.

शिवशरण कट्ट्यावरच बसले होते. "या, या पावणं! नोटा वाचवून दमली व्हय गाडी? आमचं डिझेल वतू का थोडं?"

बाळाप्पाचे कान पेटले. शिवगंगा बाहेर आली, सगळं एका नजरेत समजली, आणि आतून लांबलचक वायर घेऊन आली. तिनं खिडकीतून वायर सोडली तसा हा दोन्ही हात पसरून टेंपोपुढं उभा राहिला.

"नगं. लेकीच्या घरचं काय घेत न्हाय मी. ढकलत न्हेतो फाट्यापतोर."

"अप्पा, करंट तुमी पिणार हाय व्हय? गाडी पितीया की!"

शिवशरण मोठ्यानं हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू? वायर लागली.

"किती वेळ लागंल?" शिवगंगानं विचारलं.

"सा-सात तास," बाळाप्पा जमिनीकडं बघत म्हणाला.

आणि तासाभरात वीज गेली. आता दुपारीच येणार, असं शिवशरण म्हणाले.

मी घरात गेले. दोन वेळा चहा प्याले, भाकरी आमटी जेवले. त्या रीतीशी माझं काही देणंघेणं नाही. हा मात्र बाहेर टेंपोत बसून राहिला. वरचा पत्रा तापलेला, घशाला कोरड पडलेली. गल्लीतली माणसं निमित्तं काढून जात-येत होती. कोणी चाकाला हात लावून बघे, कोणी किंमत विचारी. किंमत ऐकली की "आबाबाबा!" म्हणून त्याच्याकडंच बघत राही.

शिवगंगा तांब्या घेऊन गेली. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "नगं गं, घाई हाय."

मेलेल्या गाडीत बसून घाई! गल्ली खो खो हसली. समोरची धोंडुबाई दळण पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "नातवंड झाल्याबिगार पीत न्हाईत व्हय? मग पावणं, तुमास्नी लई दिस तानलेलंच ऱ्हावं लागतंय बघा."

हसणं जागच्या जागी थांबलं. शिवगंगा तांब्या घेऊन तशीच उभी. मी दारातून पुढं झाले, धोंडुबाईला चांगलं ऐकवणार होते, तेवढ्यात ती पोरगी टेंपोत वाकून बापाशी बोलायला लागली. आवाज चढवला नाही.

"अप्पा, तुमी पाच मिंटात जायचासा, तवा कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. आज सकाळधरनं समदे बघाय लागल्यात. तुमी पाणी परत धाडलं की माझं उणं पुन्यांदा गल्लीला सांगितल्यागत होतंय."

बाळाप्पानं तिच्याकडं बघितलं. टेंपो थांबला तेव्हा तो लाजला होता, व्याह्यांनी टोमणा मारला तेव्हा लाजला होता. आता चेहऱ्यावर आलं ते निराळंच होतं. मला त्याच्याकडं बघवेना. सात वर्षं हा लेकीची अब्रू राखतोय असं समजत होता, आणि प्रत्येक खेपेला तिच्याच दारात दवंडी पिटून जात होता.

तो खाली उतरला. चालत कट्ट्यापाशी आला आणि व्याह्यांशेजारी बसला.

"शिवगंगा, पाणी आण." आधी हळूच म्हणाला. खाकरला, आणि समोरच्या घरात ऐकू जाईल असं ओरडला, "पाणी आण गं! आन् भाकरी हाय का शिल्लक?"

तांब्या एका दमात रिकामा झाला. भाकरी आली, ती तो खाली मान घालून जेवला. कोणी हसलं नाही. शिवशरण एवढंच म्हणाले, "अगं, पावण्यांस्नी ठेचा वाढ की." धोंडुबाई सूप उचलून आत गेली. दुपारी वीज आली, तेही त्याला मीच सांगितलं.

दिवस कलताना, जेमतेम घरी पोचवेल एवढ्या चार्जवर आम्ही निघालो. फाटा आला तसा त्यानं टेंपो हळू केला. मग म्हणाला, "अक्का, तिनं ह्ये आधी का सांगितलं न्हाय?"

"तू बसत होतास कुठं ऐकायला?" मी म्हणाले.

दोन वर्षांत बॅटऱ्या बसल्या. नव्या बॅटऱ्यांची किंमत ऐकली तर त्यात जुना डिझेलचा टेंपो आला असता. कंपनीनं ती गाडी काढायचीच बंद केली होती. टेंपो भंगारात गेला, तेव्हा गावानं पोटभर चेष्टा केली. पण बाळाप्पाला त्याचं काही वाटलेलं मला दिसलं नाही.

तो आता एसटीनं कोडोलीला जातो, सकाळी जातो आणि संध्याकाळच्या गाडीनं परततो. शिवगंगाला मूल झालं नाही. आमच्यातल्या दोन-चार म्हाताऱ्यांनी रीत मोडली म्हणून त्याला नावं ठेवली, ती त्यानं ऐकून घेतली. तिथं तो जेवतो, दोनदा मागून घेतो. पण ती वाढायला आली की अजून मान वर करत नाही.