शेवटचा हात पावडरीचा

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांना दमा होता, आणि त्यामागचा गुन्हेगार शोधून काढायचाच, असा त्यांनी चंग बांधला होता. आधी घरातलं दही गेलं, मग केळी. पडदे उतरले. लोकरीचं पांघरूण माळ्यावर गेलं. मिरच्या परतायला बंदी झाली आणि काकू बिचाऱ्या निमूट उकडलेल्या भाज्या वाढू लागल्या. तरी संध्याकाळी शटर ओढताना काकांच्या छातीत शिट्टी वाजायची ती वाजायचीच.

शेवटी पाळी आली काकूंच्या मांजराची. "त्याचेच केस माझ्या नाकात जातात!" असं, दिवसभर लोकांच्या केसांत उभं राहणाऱ्या या गृहस्थांनी ठणकावून सांगितलं. काकूंनी त्याच दिवशी मांजर बहिणीकडे नेऊन सोडलं आणि वाटभर रडत घरी आल्या. मांजर गेलं, शिट्टी राहिली.

डॉक्टरांनी रोज ओढायला दिलेला पंप काका फक्त दम लागला की ओढत. दम नसताना औषध कशाला वाया घालवायचं, हा त्यांचा हिशोब! मास्क मात्र केस कापताना न चुकता लावत.

एकदा डॉक्टरच केस कापायला आले. काकांनी मन लावून केस कापले, अंगावरचं कापड झटकलं आणि मास्क काढला.

"मास्क का काढलात?"

"शेवटचा हात हसतमुखानं फिरवायचा असतो, डॉक्टर. वडिलांची शिस्त आहे." असं म्हणून त्यांनी मऊ ब्रशनं डॉक्टरांच्या मानेवर सुवासिक पावडरीचा ढग उडवला. मग काकांनाच ठसका लागला आणि शिट्टी सुरू झाली.

डॉक्टर आरशातून बघत होते. "हे प्रत्येक गिऱ्हाइकाला?"

"प्रत्येकाला. आणि फुकट!" काका धापा टाकत अभिमानानं म्हणाले.

"मग तुमचा गुन्हेगार त्या डब्यात बसलाय. आजपासून पावडर बंद. आणि पंप रोज ओढायचा, दम लागो न लागो."

काकांचा चेहरा पडला. डबा दोन्ही हातांत घट्ट धरून ते म्हणाले, "असं एकदम कसं बंद करणार, डॉक्टर? एवढ्या वर्षांची सोबत आहे. एखादा महिना बघू, नीट खात्री करू. हळूहळू कमी करतो की."

काकू चहा घेऊन आतल्या दारात उभ्या होत्या. कप खाली ठेवून त्या पुढे आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या हातातून डबा काढून घेतला.

"माझ्या मांजराला दिला होतात का हो महिना?"