नववा प्रश्न

"सी-सिक्स, इन्कम्प्लीट," असं म्हणून डॉक्टर माझ्या बोटांकडे बघत राहिले. मीही बघत होतो. बोटं माझीच होती, पण हलत नव्हती.

सी-सिक्स ही मानेतली जागा. तिथे स्पायनल कॉर्डला, म्हणजे मज्जारज्जूला मार बसला होता. इन्कम्प्लीट म्हणजे दोर पुरता तुटलेला नाही, थोडे निरोप अजून खाली जातात. मनगट उचलता येईल, बोटांनी धरता येणार नाही. आधाराने बसता येईल. "चालण्याचं आत्ता बोलायला नको," डॉक्टर म्हणाले. पुढे ते कधीच बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

झालं एवढंच होतं की म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतल्या आमच्या घरी पाण्याची टाकी बघायला मी शिडीवर चढलो आणि चौथ्या पायरीवरून मागे पडलो. लोक विचारतात, किती उंचावरून पडलात? चौथी पायरी म्हटलं की त्यांचाच चेहरा पडतो. एवढ्या दुखण्याला निदान दोन मजले तरी हवेत.

ऑपरेशन, आयसीयूत नऊ दिवस, मग दोन महिने रीहॅब. रीहॅब म्हणजे उरलेल्या शरीरासह जगायची शाळा. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कशी सांभाळायची. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, नाहीतर प्रेशर सोअर होतात, म्हणजे एकाच जागी दाब पडून कातडी चिघळते. हे सगळं माझी बायको वंदना शिकली. मी छताचा पंखा बघायला शिकलो.

घरी आल्यावर पहिला महिना कारखान्यातले लोक येत होते. मग फळं आली, माणसं आली नाहीत. मग व्हॉट्सॲपवर फुलांचे फोटो. फिजिओथेरपिस्ट मंजुनाथ तेवढा चामराजपुरमहून रोज बाइकवर यायचा. "इन्नू स्वल्प, सार," म्हणत माझा हात अजून थोडा वर न्यायचा. समोरच्या घरातल्या बाई फाटकातून विचारायच्या, "ऊटा आय्ता?" जेवण झालं का, हे म्हैसुरात कुणीही कुणाला विचारतं. मी "आय्तु" म्हणायचो. त्याच्यापुढचं सांगायला माझं कन्नड पुरलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मराठीही.

एकटं पडणं म्हणजे घरात कुणी नसणं, असं मी समजत होतो. इथे तर मला एकट्याला दहा मिनिटं मिळत नव्हती. पाणी प्यायचं तरी हाक मारायची. आणि तरी एवढं एकटं मला जन्मात वाटलं नव्हतं.

मी जेवण टाकायला लागलो तेव्हा रीहॅबच्या डॉक्टरांनी ऑनलाइन थेरपी सुचवली. म्हणजे मानसोपचार, पण फोनवर, तोंड बघून. जवळच्या समुपदेशकाचं क्लिनिक पहिल्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती, तेव्हा निवड फार नव्हती. अपर्णा मॅडम पुण्यात बसून मराठीत बोलायच्या. दर शुक्रवारी चार वाजता. आदल्या दिवशी फोनवर एक फॉर्म यायचा, नऊ प्रश्नांचा. झोप, भूक, उत्साह वगैरे. उत्तरं चारच: अजिबात नाही, काही दिवस, बरेच दिवस, जवळजवळ रोज. नववा प्रश्न असा, की आपण मेलेलं बरं, असे विचार येतात का.

फोन वंदनाच्या हातात. ती प्रश्न वाचायची, मी उत्तर सांगायचो, ती टिक करायची. नवव्या प्रश्नाला तिचा आवाज बारीक व्हायचा आणि माझा मोठा. "अजिबात नाही!"

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे गंमत कळेल. वीस वर्षं मी कारखान्याच्या क्वालिटी विभागात काढली. यंत्रावरून उतरलेला भाग गेज, म्हणजे मापाचं हत्यार, लावून तपासायचा, माप लिहायचं. गेजला हात न लावता बसल्या जागी सगळीकडे ओके लिहिणारे मी दुरून ओळखायचो. शीट फार स्वच्छ दिसायची. अशा लोकांना मी पाणी पाजलेलं आहे. आणि आता मीच दर गुरुवारी स्वच्छ शीट भरत होतो. दुसरं काय सांगणार? जी बाई मला उचलते, पुसते, भरवते, तिच्याच हाताने "मला मरावंसं वाटतं" यावर टिक करून घ्यायची?

तिसऱ्या गुरुवारी फॉर्म गेला आणि अर्ध्या तासात मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. एरवी त्या आधी हवापाण्याचं विचारायच्या. त्या दिवशी नाही.

"सुहास, नवव्या प्रश्नाला 'जवळजवळ रोज' असं आलंय. आत्ता या क्षणी तुम्ही सुरक्षित आहात ना? घरी कोण आहे?"

"चुकून दाबलं गेलं असेल," मी म्हणालो. "बायको भरते."

वंदना पलंगाशी फोन धरून उभी होती. तिने हात हलवला नाही. "चुकून नाही दाबलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कूस बदलताना तुम्ही डोळे मिटून म्हणता, सोडव आता, पुरे. रोज म्हणता. तुम्हाला वाटतं, मी फक्त कूस बदलते, ऐकत नाही."

मला आधी राग आला. माझी शीट, आणि खाडाखोड तिची! मग लक्षात आलं, की गेज तिनेच लावलं होतं. मला रडू आलं आणि ते पुसायलाही तीच. त्याची लाज वाटली. तरी रडलो.

मॅडम घाबरल्या नाहीत, उपदेशही केला नाही. सरळ सरळ विचारत गेल्या, मी पहिल्यांदा खरं सांगत गेलो. त्यांनी वंदनाला काही सूचना दिल्या, दुसऱ्याच दिवशी सायकिॲट्रिस्टची, म्हणजे मनाच्या डॉक्टरांची भेट ठरवली. गोळ्या सुरू झाल्या. आणि एक अट घातली: फॉर्म यापुढे मी स्वतः भरायचा, दार लावून.

मंजुनाथने तळहाताला बांधायचा पट्टा आणला. त्यात रबरी टोकाची काठी खोचायची आणि मनगटाने दाबायचं. पहिल्या फॉर्मला पाऊण तास लागला. नवव्या प्रश्नाला मी "बरेच दिवस" दाबलं. काही महिन्यांनी "काही दिवस" आलं. आजही कधीकधी तेच येतं. मी बरा झालो असं लिहून पुन्हा स्वच्छ शीट भरणार नाही.

तुमच्या घरी असं कुणी पडून असेल, किंवा तुम्हीच असाल, तर फॉर्म कुणाच्या हातात आहे तेवढं बघा. आणि आतलं खरं निदान एका माणसाला सांगा, डॉक्टरला, घरच्याला, कुणालाही. मला ते सुचलं नाही. वंदनाला सुचलं, म्हणून मी हे सांगायला आहे.

गेल्या आठवड्यात मॅडमनी सांभाळणाऱ्यांसाठीचा फॉर्म पाठवला. वंदना कणीक मळत होती. माझ्या मांडीवरच्या फळीवर फोन होता, हाताला काठी. मी मोठ्याने वाचलं, "गेल्या दोन आठवड्यांत एकटं वाटलं का?"

"अजिबात नाही!" स्वयंपाकघरातून आवाज आला. चांगलाच मोठा.

"वंदना," मी म्हणालो, "गेज लावून सांग."

नळ वाहिल्याचा आवाज आला, मग बंद झाला. ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्याजवळ स्टुलावर बसली. फोनवर वाकून तिने प्रश्न पुन्हा स्वतः वाचला. मी काठी उचलून धरली आणि थांबलो.